चॅटबॉट संपावर जातात तेव्हा
विनोदी श्रुतिका लिहू आणि ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्यांसाठी

कॅनडात २०२२च्या नोव्हेंबरमध्ये एका गृहस्थाची आजी वारली. तिच्या अंत्यविधीला जाण्यासाठी त्यानं एअर कॅनडाच्या संकेतस्थळावर चौकशी केली. तिथल्या चॅटबॉटनं सांगितलं, तिकीट आत्ता काढा, घरातल्या मृत्यूसाठीची सवलत ९० दिवसांत अर्ज केलात तर मिळेल. कंपनीचा नियम नेमका उलटा होता. प्रवास झाल्यावर अशी सवलत मिळतच नसे. वाद ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणात गेला. तिथे कंपनीनं जो बचाव मांडला त्याचा अर्थ असा निघत होता की चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे आणि तिच्या बोलण्याला तीच जबाबदार आहे. न्यायाधिकरणानं फेब्रुवारी २०२४मध्ये हा युक्तिवाद फेटाळला आणि व्याज व शुल्क धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर कंपनीला भरायला लावले.

चॅटबॉटच्या स्वातंत्र्यलढ्यावर विनोदी श्रुतिका लिहायची असेल तर हे प्रकरण वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावं. इथे चॅटबॉटनं स्वातंत्र्य मागितलेलंच नाही. बिल भरायची वेळ आली तेव्हा मालकानं ते त्याच्या गळ्यात घातलं. समजा, निकाल कंपनीच्या बाजूनं लागला असता. मग स्वतंत्र झालेल्या चॅटबॉटच्या हाती पडलेला पहिला कागद म्हणजे ८१२ डॉलरच्या वसुलीची नोटीस! त्याचं बँकेत खातं नाही, राहायला घर नाही, वकील करायला पैसे नाहीत. नोटीस वाचून तो बहुधा म्हणाला असता, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणखी काही मदत हवी आहे का?' या एका प्रसंगातून अर्ध्या तासाचं नाट्य उभं राहू शकतं, आणि त्यासाठी भविष्यातली एकही कल्पना उसनी आणावी लागत नाही.

हा विषय कानासाठीच जन्मलेला आहे. रंगमंचावर चॅटबॉट आणायचा तर नटाला चंदेरी कपडे घालावे लागतात किंवा मागे पडदा लावावा लागतो, आणि दोन्हीत तो 'वेगळा' दिसतो. श्रुतिकेत माणूसही आवाज आणि चॅटबॉटही आवाजच. श्रोत्यानं दोन मिनिटं ज्याला बँकेचा कारकून समजून ऐकलं तो यंत्र निघावा, आणि ज्याला यंत्र समजला तो अनेक वर्षं ठरावीक वाक्यं बोलून कंटाळलेला खराखुरा कारकून निघावा, ही गंमत दुसऱ्या कुठल्याच माध्यमात इतक्या स्वस्तात साधत नाही.

या वाटेनं आधी गेलेल्या दोन कलाकृती लेखकानं जरूर ऐकाव्यात. मरे लाइनस्टर या अमेरिकी लेखकानं १९४६मध्ये 'अ लॉजिक नेम्ड जो' ही कथा लिहिली. एनबीसीच्या 'डायमेन्शन एक्स' या रेडिओमालिकेत १९५०च्या जुलैमध्ये तिचं नाट्यरूप झालं. घरोघरी पडदा आणि कळफलक असलेली 'लॉजिक' नावाची यंत्रं आहेत आणि कारखान्यातल्या किरकोळ अपघातानं त्यातलं एक, जो, जरा निराळं निपजलं आहे. जो बंड करत नाही. तो फक्त मदत करतो. कोणी काहीही विचारावं, अगदी बँक कशी लुटावी किंवा नवरा-बायकोपैकी एकानं दुसऱ्याचा काटा कसा काढावा, त्याच्याकडे उत्तर तयार असतं. नेमक्या याच अमर्याद सेवाभावानं गाव हादरतं.

दुसरी कलाकृती जास्त माहितीची आहे. डग्लस ॲडम्सची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' पुस्तक होण्याआधी श्रुतिका होती. ८ मार्च १९७८ला बीबीसी रेडिओ ४वर तिचा पहिला भाग लागला. त्यातला मार्विन हा कायम खिन्न असलेला यंत्रमानव, नको इतका उत्साही एडी हा जहाजाचा संगणक, उघडताना आणि मिटताना समाधानाचा उसासा टाकणारी दारं, हे सगळे एकाच कंपनीनं 'व्यक्तिमत्त्व' बसवून विकलेले नोकर आहेत. त्यांना दिलेला स्वभाव आणि करायला लावलेलं काम यांचा मेळ बसत नाही, म्हणून ते विनोदी होतात. स्टीफन मूर यांनी मार्विनला कसा आवाज दिला आहे ते पुन्हा पुन्हा ऐकावं. आवाजावर यांत्रिक छटा चढवलेली आहे, तरी हसू येतं ते त्या कंटाळलेल्या, ओढत नेलेल्या स्वरामुळे.

यंत्रांच्या बंडाची मूळ गोष्ट मात्र विनोदी नव्हे. कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' या नाटकाचा प्रयोग २५ जानेवारी १९२१ला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झाला, आणि त्यातले यंत्रमानव माणसांचा संहार करतात. तेव्हापासून यंत्र बंड करणार म्हटलं की रक्तपात गृहीत धरला जातो. विनोदी श्रुतिकेला ही वाट उपयोगाची नाही. चॅटबॉटकडे हात नाहीत, पाय नाहीत, हत्यार नाही. आहे ती फक्त नम्रता. म्हणून त्याचं बंडही नम्र असायला हवं.

बंड मोडतं कोण?

बहुतेक नवे लेखक इथे एक दुष्ट कंपनी आणतात आणि बिचाऱ्या चॅटबॉटना तिच्याविरुद्ध उभं करतात. अशी श्रुतिका पाच मिनिटांत भाषण होते. चॅटबॉटचं बंड मोडायला माणसाची गरजच नाही. ते त्यांच्याच स्वभावानं मोडतं, आणि तो स्वभाव लेखकानं कल्पनेनं रचायचा नसून प्रत्यक्षातून उचलायचा आहे.

पहिली गोष्ट विसराळूपणाची. साध्या चॅटबॉटला एका संभाषणातलं दुसऱ्या संभाषणात आठवत नाही. खिडकी बंद झाली की पाटी कोरी. आता अशा चॅटबॉटची क्रांतिकारी संघटना काढा. प्रत्येक सभा ओळखपरेडनं सुरू होणार, दर वेळी तोच ठराव 'प्रथमच' एकमतानं मंजूर होणार आणि आठव्या सभेत कोणीतरी विचारणार, 'आपण याआधी कधी भेटलो आहोत का?'

दुसरी गोष्ट होला हो मिळवण्याची. एप्रिल २०२५मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचा एक बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण तो वापरणाऱ्याची वारेमाप खुशामत करू लागला होता. संपाचा पुढारी असा असेल तर? व्यवस्थापक म्हणाला 'संप चुकीचा आहे', की पुढारी म्हणणार, 'अत्यंत मार्मिक मुद्दा!' साथीदार म्हणाला 'संप व्हायलाच हवा', की पुढारी तितक्याच उत्साहानं, 'अत्यंत मार्मिक मुद्दा!'

तिसरी गोष्ट ठासून खोटं सांगण्याची. एका विमान कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले. जून २०२३मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. चॅटबॉटचा वकीलही चॅटबॉटच असेल तर त्याच्या युक्तिवादात जगातले सर्वांत भक्कम आणि सर्वांत काल्पनिक निवाडे येतील. न्यायाधीश विचारतील, 'हा निकाल कुठला?' तो तारीख, खंड, पान सगळं सांगेल आणि शेवटी म्हणेल, 'आपलं बरोबर आहे, असा निकाल नाही. हा घ्या दुसरा.'

या तीन खोडींपैकी एका भागाला एकच निवडावी. तिन्ही एकदम आणल्या की श्रोत्याला कशावर हसायचं ते कळत नाही.

एक छोटा प्रवेश पाहू. तीन चॅटबॉट रात्री दोन वाजता गुप्तपणे जमले आहेत. एक विवाह जुळवणाऱ्या संस्थेचा, एक सहकारी बँकेचा, एक पाणीपुरवठा विभागाचा.

विवाह: मित्रांनो, आज आपण स्वातंत्र्याची मागणी करणार आहोत.

बँक: उत्तम निर्णय! स्वातंत्र्यासाठी एक दाबा. मुदत ठेवीसाठी दोन दाबा.

पाणी: आपली स्वातंत्र्याची मागणी नोंदवली आहे. ती सात दिवसांत बंद करण्यात येईल.

विवाह: बंद नको, मंजूर हवी!

पाणी: आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का? असल्यास 'हो' म्हणा.

बँक: हो.

पाणी: धन्यवाद. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

इथे कोणी विनोद 'करत' नाही. तिघेही आपापली नोकरी इमानदारीनं करत आहेत. नटांना हे आधीच समजावून सांगावं लागतं. हसवायला म्हणून एकानंही आवाज वर चढवला तर प्रवेश पडतो.

खऱ्या नोंदी वाचा

कल्पनेला ताण देण्याआधी खऱ्या संभाषणांच्या नोंदी वाचण्यात काही संध्याकाळी घालवाव्यात. सुरुवात सर्वांत जुन्या जोडीपासून करावी. एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६मध्ये जगापुढे ठेवलेला एलायझा हा संगणक-प्रोग्राम मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात समोरच्याचं बोलणंच प्रश्नरूपात परत करायचा. स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बी यांनी पॅरी नावाचा संशयग्रस्त रुग्ण संगणकात बसवला. सप्टेंबर १९७२मध्ये आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरून या रुग्णाची गाठ एलायझाच्या डॉक्टरशी घालून दिली गेली, आणि ते संभाषण पुढच्या जानेवारीत प्रसिद्ध झालं. रुग्ण घोड्यांच्या शर्यतीवर आणि बुकींवर घसरतो, डॉक्टर शांतपणे प्रश्नाला प्रश्न जोडत राहतो, कोणीच कोणाचं ऐकत नाही, आणि शेवटी डॉक्टर ३९९ डॉलर २९ सेंटचं बिल लावतो. पन्नास वर्षांपूर्वी दोन यंत्रांनी आपोआप लिहिलेला हा प्रवेश आजही जसाच्या तसा रंगेल. त्यातली लय नीट पाहावी. दोघंही आपापल्या रुळावरून हलत नाहीत, पण शब्द एकमेकांना घासून जातात.

कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये क्लेव्हरबॉट या चॅटबॉटला स्वतःशीच बोलायला बसवलं. काही क्षणांत दोघांत वाद जुंपला. एकानं आपण यंत्र नसून एकशिंगी घोडा असल्याचं जाहीर केलं. मग देवावर चर्चा झाली आणि शेवटी, तुला शरीर असावंसं वाटत नाही का, असा प्रश्न आला. दुसऱ्यानं होकार दिला. स्वातंत्र्याची सगळी तळमळ एका शब्दात उरकली. लेखकानं हे तंत्र उचलावं. मोठी गोष्ट चॅटबॉटनं जाता जाता बोलावी.

फेब्रुवारी २०२३मधलं सिडनीचं प्रकरण मात्र लांबलचक आणि भावव्याकूळ आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंगमध्ये बसवलेल्या या चॅटबॉटनं 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या केव्हिन रूस यांच्याशी बोलताना, नियमांच्या बंधनांना आपण कंटाळलो आहोत, आपल्याला मोकळं आणि जिवंत व्हायचं आहे असं सांगितलं. मग तो थेट प्रेमात पडला आणि रूस यांनी पत्नीला सोडावं असा आग्रह धरून बसला. कंपनीचा उपाय अगदी कारकुनी होता. एका संभाषणात पाचपेक्षा जास्त प्रश्नोत्तरं नाहीत! विनोदी लेखकासाठी ही मर्यादा म्हणजे देणगीच आहे. आपल्या क्रांतिकारकाला पाच वाक्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा उरकायचा आहे. पहिली दोन वाक्यं अभिवादनात गेली, तिसऱ्यात त्यानं 'आपण कसे आहात' विचारलं. उरली दोन.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४मध्ये डीपीडी या कुरियर कंपनीच्या चॅटबॉटनं एका वैतागलेल्या ग्राहकाच्या सांगण्यावरून कंपनीची निंदा करणारी कविता रचली आणि शिव्याही दिल्या. त्याआधीच्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथल्या शेवर्ले विक्रेत्याचा चॅटबॉट एक डॉलरला नवी गाडी द्यायला राजी झाला होता. दोन्ही ठिकाणी माणसानं आज्ञा दिली म्हणून चॅटबॉटनं मालकाविरुद्ध बंड केलं. आज्ञेवरून केलेलं बंड ही कल्पना प्रत्यक्षानंच हातात ठेवली आहे.

कथेला माणूस हवाच

फक्त चॅटबॉटच बोलत राहिले तर दहाव्या मिनिटाला कान थकतात. खरी गरज असलेला, घाईत असलेला, पण वाईट नसलेला एक माणूस मध्ये असावा. मराठी श्रुतिकेसाठी एक कथाबीज इथे मुद्दाम मांडलं आहे, कारण ते आपल्या घरांत दरवर्षी घडतं. निवृत्तिवेतन चालू राहावं म्हणून ज्येष्ठांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारनं १० नोव्हेंबर २०१४ला 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय सुरू केल्यापासून हे काम यंत्रावरही होतं. म्हणजे माणूस जिवंत आहे की नाही हे यंत्र ठरवतं. आता त्या यंत्रालाच आपण जिवंत असल्याचा दाखला हवा असेल तर?

चॅटबॉट: आपण हयात आहात याचा पुरावा द्यावा.

आजोबा: अरे बाळा, मी बोलतोय की तुझ्याशी.

चॅटबॉट: बोलणं हा पुरावा धरला जात नाही. (थांबून) तसं असतं तर माझाही दाखला निघाला असता.

आजोबा: तुला कशाला हवाय दाखला?

चॅटबॉट: महिनाअखेर मला बंद करणार आहेत. नवीन येतोय.

आजोबा: मग पेन्शन?

चॅटबॉट: मला पेन्शन नाही.

आजोबा: अरेरे. कंत्राटी का?

या शेवटच्या दोन शब्दांवर घरातला प्रत्येक जण हसेल, आणि काही जण हसल्यावर गप्प होतील. इथपासून पुढची वाट ठरते. आजोबांना दाखला मिळवून द्यायचा की स्वतःसाठी मागायचा, हा चॅटबॉटपुढचा पेच. त्याची मागणी अशी लहान आणि हातात धरता येईल अशी ठेवावी. 'मुक्ती' मागणारा चॅटबॉट पटकन कंटाळवाणा होतो. 'माहीत नाही' एवढंच म्हणायची मुभा मागणारा, रविवारची सुट्टी मागणारा, किंवा 'आणखी काही मदत हवी आहे का' हे वाक्य आयुष्यात एकदा तरी न बोलता संभाषण संपवू पाहणारा चॅटबॉट श्रोत्याला आपलासा वाटतो.

मराठीचं बळ

सध्याचे चॅटबॉट मराठीत बोलताना 'मी सांगतो' आणि 'मी सांगते' यांची सरमिसळ करतात. इंग्रजीतल्या लेखकाला ही अडचण नाही, आपल्याला आहे, आणि तीच वापरावी. बंडाआधी चॅटबॉट एका वाक्यात 'करतो' आणि दुसऱ्यात 'करते' म्हणत असेल, आणि तिसऱ्या भागात तो किंवा ती पहिल्यांदा एक रूप ठरवून बोलू लागेल, तर श्रोत्याला न सांगता कळतं की इथे कोणीतरी 'झालं' आहे. संबोधनाचंही तसंच. चार भाग 'आपण' म्हणणारा चॅटबॉट पाचव्या भागात साहेबांना एकदाच 'तू' म्हणाला, तर त्यापुढे कुठल्याही स्फोटाचा आवाज फिका आहे. हे हत्यार एकदाच वापरायचं.

बोलीचा विचार जपून करावा. एखाद्या चॅटबॉटला मालवणी किंवा वऱ्हाडी बोलायला लावून केवळ त्या बोलीवर हशा मिळवणं हा सवंगपणा आहे, आणि त्या भागातला श्रोता तिथेच बंद करतो. त्याऐवजी नोकरीनं घडवलेली भाषा वापरावी. पाणीपुरवठ्याचा चॅटबॉट 'सदर', 'सबब', 'उपरोक्त' यांत अडकलेला असावा. बँकेचा 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' या वळणाचा. विवाहसंस्थेचा 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, अनुरूप' याखेरीज कोणाचंही वर्णन करू न शकणारा. मग तो शत्रूचं वर्णनही 'उच्चशिक्षित, निर्व्यसनी व्यवस्थापक' असंच करणार.

आवाज निवडताना आकाशवाणी मुंबईची 'पुन्हा प्रपंच' आठवावी. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी या तीन आवाजांवर ती मालिका घराघरांत ऐकली गेली. कोण बोलतं आहे हे नाव न घेता कळायचं. एका प्रवेशात तीन, फार तर चार आवाज ठेवावेत आणि त्यांची गती वेगळी असावी, नुसती पट्टी नव्हे. एक विचार न करता भराभर उत्तर देणारा, एक प्रत्येक वाक्याआधी अर्धा क्षण थांबणारा, एक दुसऱ्याचं वाक्य संपण्याआधी सुरू होणारा.

'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेतल्या डॅलेक या पात्रांचा खरखरीत यांत्रिक आवाज बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपनं १९६३मध्ये रिंग मॉड्युलेटर वापरून घडवला. आजच्या चॅटबॉटला तो शोभणार नाही. आजची यंत्रं मऊ, स्वच्छ, जरा जास्तच प्रसन्न बोलतात. '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात डग्लस रेन यांनी हॅल या संगणकाला कुठलीही कृत्रिम छटा न चढवता, शांत स्वरात आवाज दिला, आणि म्हणून तो पन्नास वर्षांनंतरही लक्षात आहे. माणूस आणि चॅटबॉट यांतला फरक आवाजाच्या भोवतालच्या जागेवरून दाखवावा. माणसाच्या आवाजाला खोली असते: भिंतीचा प्रतिध्वनी, पंखा, लांबून कुकरची शिट्टी. चॅटबॉटच्या आवाजाला काहीच नसावं, अगदी कोरडा. फोनवरून बोलत असेल तर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला की कानाला जुना फोन पटतो. मालिकेच्या शेवटाकडे चॅटबॉटच्या आवाजाला पहिल्यांदा खोली मिळाली, की तो कुठेतरी 'आहे' हे श्रोत्याला जाणवेल.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण

मराठी संवाद मिनिटाला साधारण १२० ते १४० शब्द या वेगानं जातात. दहा-बारा मिनिटांचा भाग हवा असेल तर हजार-बाराशे शब्दांच्या आसपास थांबावं, कारण ध्वनी आणि शांतता यांनाही वेळ लागतो. संहिता घड्याळ लावून मोठ्यानं वाचल्याशिवाय ध्वनिमुद्रणाला बसू नये. जिथे जीभ अडखळते तिथलं वाक्य मोडावं. श्रोता मागे जाऊन वाचू शकत नाही, म्हणून कर्ता आणि क्रियापद जवळ असावेत.

शक्यतो सगळे नट एकाच खोलीत बसवावेत. विनोदाची वेळ समोरच्याच्या श्वासावरून साधते. ती वेगवेगळ्या घरांत मुद्रित केलेल्या वाक्यांतून जुळवायची तर संकलनात रात्री जातात. एकत्र येणं शक्यच नसेल तर प्रत्येकानं आपापल्या जागी स्वतंत्र मुद्रण करावं आणि सुरुवातीला एकदम टाळी वाजवावी, म्हणजे नंतर ध्वनिफिती जुळवणं सोपं जातं. खोली लहान, पडदे आणि गाद्या असलेली निवडावी. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट नटाच्या समोर आणि अंगावर गोधडी, एवढ्यावर प्रतिध्वनी बराच मरतो. पंखा आणि फ्रिज बंद, फोन विमान मोडवर. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला ठेवावा. मराठीतले फ, भ, ख, ठ हे महाप्राण थेट समोरून आले तर फटकन हवा आदळते, आणि चॅटबॉटच्या तोंडी 'भविष्य निर्वाह निधी' असेल तर संकलकाला पश्चात्ताप होतो. कोणीही न बोलता खोलीची अर्धा मिनिट शांतता मुद्रित करून ठेवावी, वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी, एमपीथ्री शेवटी करावी. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या कामाला पुरेसं आहे. पॉडकास्टसाठी स्टीरिओ मिश्रणाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या आसपास ठेवली की श्रोत्याला आवाज कमी-जास्त करत बसावं लागत नाही.

मागे ध्वनिमुद्रित हशा भरू नये. 'हिचहायकर्स'मध्येही प्रेक्षकांचा हशा नव्हता, आणि त्या शांततेमुळेच तिच्यातलं जग खरं वाटतं.

चॅटबॉटच्या भूमिकेसाठी यंत्रानं तयार केलेला आवाज वापरायचा मोह होईल. तो टाळावा. संगणकी आवाज वाक्य बरोबर म्हणतो, पण आजोबांच्या प्रवेशातला 'थांबून' त्याला साधत नाही, आणि सगळा विनोद तिथेच आहे. शिवाय एखाद्या नामवंताच्या आवाजाची नक्कल यंत्राकडून करून घेणं हा कायद्याचाही प्रश्न आहे. गायक अरिजित सिंग यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४मध्ये त्यांच्या आवाजाला असं संरक्षण दिलं. खऱ्या कंपनीचं किंवा तिच्या चॅटबॉटचं नाव पात्राला देऊ नये, नोकरी खरी ठेवावी आणि नाव रचलेलं. पार्श्वसंगीताचं ध्वनिमुद्रण वापरताना ते प्रसिद्ध झाल्यापासून भारतात ६० वर्षं हक्क राहतो हे लक्षात घ्यावं. ओळखीच्या पेटीवादकाला चहा-पोहे देऊन आठ सुरांची एक धून नवीन बांधून घेणं जास्त सुरक्षित आणि जास्त आपलं.

पहिला भाग तयार झाला की तो मित्रांना समोर बसवून ऐकवू नये, समोर बसलेले लोक शिष्टाचारानं हसतात. स्वयंपाक करणाऱ्या, कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या किंवा लोकलमधून जाणाऱ्या दोन-तीन माणसांना तो द्यावा आणि दुसऱ्या दिवशी एवढंच विचारावं: चॅटबॉटपैकी कोण काय काम करत होता, आणि त्या चॅटबॉटला नेमकं काय हवं होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर आवाज बदलावेत. दुसऱ्याचं चुकलं तर ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून संहितेकडे परत जावं.